झांकीच्या दिवसांत झोपतं कोण

६ सप्टेंबर १९९२, रविवार, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. प्रयोगशाळेत काही फुटले की आधी घड्याळ पाहायचे, ही सवय मला लागलेली होती. म्हणून वेळ लक्षात आहे. लाठीचा पहिला फटका पाण्याच्या माठावर बसला. दुसरा बाबांच्या उजव्या हातावर, कोपर आणि मनगट यांच्या मधोमध. हाड मोडल्याचा आवाज कोरड्या फांदीसारखा असतो असे मी कुठेतरी वाचले होते. तसा तो नसतो. तो ओला असतो.

लाठी धरणारा माझा धाकटा भाऊ होता. अजय, घरात अज्जू. वय सोळा, इयत्ता अकरावी. बाबांचा गुन्हा इतकाच की त्याच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले होते, "थोडा पडून घे रे, डोळे बघ कसे झालेत." आई मध्ये आली तेव्हा त्याने तिचे केस मुठीत धरून तिचे डोके कपाटाच्या कडेवर आपटले. मी मागून त्याच्या अंगावर गोधडी टाकली आणि त्याला कव घातली. माझ्याहून अर्धी वीत बुटका असलेला तो मुलगा मला पाठीवर घेऊन उभा राहिला, वळला आणि त्याने मला दारावर फेकले.

त्यानंतर जे घडले ते मला फटक्यांपेक्षा अधिक भयंकर वाटले. तो हसू लागला. रक्ताने भिजलेल्या आईसमोर उकिडवा बसून तो तिला अतिशय गोड आवाजात सांगू लागला की आज संध्याकाळपर्यंत मिल सुरू होणार आहे, वायरिंग झाले आहे, फक्त एक कनेक्शन राहिले आहे. मग लाठी खांद्यावर टाकून तो गाणे गुणगुणत निघून गेला.

आवाज ऐकून आलेल्या शेजारच्या काकी आईच्या कपाळावर हळद दाबत म्हणाल्या, "जवान छोरा है, ऊपर से मिल बंद. गरम खून है, बैठ जाएगा." इस्पितळात प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांनी विचारले तेव्हा बाबांनी सांगितले की झांकीचे काम करताना ते शिडीवरून पडले.

वयाचे काय आणि आजाराचे काय

मी तेव्हा बायोकेमिस्ट्रीच्या एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. विद्यापीठात पहिले यायचे आणि संशोधनासाठी इंदूरबाहेर पडायचे, हे माझे ठरलेले होते आणि त्याची मला लाज वाटत नव्हती. हे लिहिते आहे ते ज्यांच्या घरात सोळा-सतरा वर्षांचे मूल आहे आणि ज्यांना त्या मुलाची भीती वाटू लागली आहे, अशांसाठी.

पहिली गोष्ट अशी की बहुतेक मुले आजारी नसतात. मी स्वतः सोळाव्या वर्षी आईशी महिनाभर बोलले नव्हते, कारण माझा आवडता कुर्ता तिने न विचारता मावसबहिणीला देऊन टाकला होता. एकदा तर मी वाढलेले ताट भिरकावले होते. पण त्याच महिन्यात मी मैत्रिणींशी दुप्पट बोलत होते, वर्गात पुढे होते आणि राग ओसरला की गुपचूप स्वयंपाकघरात जाऊन पोळी खात होते. माझ्या रागाला पत्ता होता, आणि रागाबाहेरचे माझे बाकीचे आयुष्य जागच्या जागी होते. दार आपटणे, आरशासमोर तासभर उभे राहणे, बापाच्या प्रत्येक वाक्यावर डोळे फिरवणे, यांसाठी कोणत्याही मुलाला डॉक्टरकडे नेऊ नये.

अज्जूचे तसे नव्हते. पण ते ओळखणे कठीण का गेले, हे समजायला त्या वर्षाकडे पाहावे लागेल.

आमचे घराणे होळकरांच्या फौजेतले. फौज गेली, तसे आजोबा कापडाच्या मिलमध्ये लागले; बाबा त्याच मिलमध्ये विणाई खात्यात जॉबर झाले, म्हणजे वीस मागांवर आणि ते चालवणाऱ्यांवर देखरेख करणारे. एप्रिलमध्ये मिलच्या फाटकाला कुलूप लागले. बाबा घरी आले, बाहेरच्या खोलीतल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून निजले. आठवड्याभराने समोरच्या खाटेवर अज्जूही भिंतीकडे तोंड करून निजला. आमच्या ओळीतल्या निम्म्या घरांत हेच चित्र होते. कोणाला काय वेगळे वाटणार?

विज्ञानाच्या विद्यार्थिनीला तुलना करण्याचा चाळा असतो. त्या दोन खाटांकडे मी रोज पाहत होते. बाबांच्या दुःखात हालचाल होती. युनियनचे कोणी आले की ते उठून बसत, चहा मागत, मालकाला आणि सरकारला यथेच्छ शिव्या घालत, पुन्हा पडत. अज्जूला काही हलवत नव्हते. रेडिओवर क्रिकेट लागले तरी त्याची मान वळत नव्हती. तो अंघोळ करीत नव्हता. समोर ठेवलेला आंब्याचा रस काळा पडेपर्यंत तसाच राहत होता. जुलैत बाबा एके सकाळी उठले, दाढी केली आणि भाड्याचा टेम्पो चालवायला लागले. बापाला नोकरी गेल्याचे दुःख होते. ते त्याने अंगावर घेतले आणि तो चालू लागला. मुलाची तर नोकरी गेली नव्हती. तो मात्र पडूनच होता. मी हे आईला बोलून दाखवले. आई म्हणाली, "वय आहे गं. तू नव्हतीस का अशी?"

मग ऑगस्टमध्ये, एका आठवड्याच्या आत, तो उठला. आणि उठतच गेला.

झांकी

इंदूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. अनंत चतुर्दशीला आमच्याकडे मिलचे कामगार झांक्या काढतात: ट्रकांवर उभारलेले, विजेवर हलणारे देखावे. राक्षसाचे जबडे उघडतात, गंगा खाली उतरते, हजार दिवे लागतात-विझतात. पुढे आखाड्यांची मंडळी ढोलावर लाठी-तलवार फिरवीत चालतात. मिल बंद पडली त्या वर्षीही झांकी निघणार होती. खरे तर त्या वर्षी ती निघालीच पाहिजे होती. आम्ही मेलेलो नाही हे शहराला दाखवायचे होते.

झांकीचे प्रमुख होते बद्री भिया (इंदुरी बोलीत भैया), मिलचे जुने फिटर आणि आमच्या वस्तीतल्या आखाड्याचे उस्ताद. अज्जू त्यांच्याच हाताखाली लाठी शिकलेला. खाटेवरून उठला तो थेट त्यांच्याकडे गेला, आणि पंधरवड्यात झांकीचा प्राण झाला. तो दोराशिवाय बांबूंवर चढे. चालू तारा उघड्या हातांनी जोडे. शॉक बसला की मोठ्याने हसे. संध्याकाळी फाटकासमोर धरणे धरून बसलेल्या कामगारांपुढे एका पिंपावर चढून तो भाषण करी, आणि ज्याला वर्गात उत्तर देताना घाम फुटायचा तो मुलगा न थांबता, न अडखळता बोले. त्याला एकदा हार घातला गेला. बद्री भिया छाती फुगवून म्हणत, "इसके अंदर मिल चल री है."

त्याच्या भाषणात एक वाक्य सारखे येई: झांकीची मोटर फिरली की मिल फिरेल. लोक टाळ्या वाजवत. कामगारांना ते रूपक वाटत होते. अज्जूला ते वायरिंग वाटत होते.

मी मिलच्या आवारात जाऊन बद्री भियांना बाजूला घेतले. मी सांगितले की तो झोपत नाही. कमी झोपत नाही, अजिबात झोपत नाही, आणि तरी थकत नाही. वाक्याचे एक टोक दुसऱ्याला लागत नाही. कालच त्याने वर्गमित्राच्या तोंडावर वीट मारली आणि ती का मारली हे त्याला सांगता येत नाही. भियांनी ऐकून घेतले. वाईट माणूस नव्हता तो. मग खांद्यावरचा पंचा झटकून ते म्हणाले, "बेटा, झांकी के दिनों में सोता कौन है?"

सभोवतालचे हसले. त्यांचे खरे होते. तिथे कोणीच झोपत नव्हते. सगळ्यांचे डोळे लाल होते, सगळ्यांचे आवाज चढलेले होते, सगळेच मोडायला-फोडायला निघालेले होते. इतर कुठल्या वस्तीत, इतर कुठल्या वर्षी अज्जू वेगळा दिसला असता. आमच्याकडे त्या महिन्यात जागणे ही सेवा होती आणि संताप हा सद्गुण होता. त्याच्या आजाराच्या दोन्ही खुणांना आम्ही हार घालत होतो.

दोन दिवसांनी त्याने बाबांचा हात मोडला.

शिडी

घरात त्या रविवारी दुपारी जे भांडण झाले, तसे आमच्याकडे आधी कधी झाले नव्हते. अज्जू मिलच्या आवारात होता. मी म्हणाले, त्याला मनाच्या डॉक्टरांकडे न्यायला हवे. आजच, चार माणसे घेऊन. बाबा प्लास्टरचा हात उशीवर ठेवून बसले होते. वेदनेने त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"म्हणजे बाणगंगेला टाकायचं त्याला?" ते म्हणाले. बाणगंगा हा आमच्या शहराचा एक भाग आहे, तिथे मनोरुग्णालय आहे. पण वस्तीत तो पत्ता म्हणून नाही, शिवी म्हणून वापरला जातो. "मिल गेली. आता पोरगा पागल आहे असं पण लिहून देऊ?"

"बाबा, त्याने तुमचा हात मोडलाय."

"सगळ्यांच्याच पोरांची खोपडी फिरली आहे सध्या. याची जरा जास्त."

"सगळ्यांच्या पोरांनी बापाचं हाड मोडलं का?"

ते भिंतीकडे पाहत म्हणाले, "मी शिडीवरून पडलो."

आईने कोणाचीच बाजू घेतली नाही. कपाळाला चार टाके पडलेल्या अवस्थेत तिने उठून विळी, सुऱ्या, बत्ता, कैची असे सगळे गोळा केले आणि गव्हाच्या पिंपात तळाशी पुरले. त्यानंतर ती भाजी हाताने मोडून शिजवू लागली. माझे म्हणणे तिला पटले होते हे मला त्यावरून कळले. पण बाबांच्या संमतीशिवाय अल्पवयीन मुलाला कोणी दाखल करून घेणार नव्हते, आणि बाबांपुढे तोंड उघडायची तिला सवय नव्हती. मी हिशेब मांडला. पुढचा फटका हातावर बसेल याची खात्री नव्हती. तो डोक्यावर बसला तर एक माणूस मरणार होता आणि दुसरा, सोळाव्या वर्षी, खुनी ठरणार होता.

मैदान

तीन दिवसांनी, भर दुपारी, आईने मला डबा देऊन मिलच्या मैदानावर पाठवले. आखाड्याची तालीम चालू होती. अज्जूच्या हातात लाठी नव्हती, तलवार होती. धार काढलेली. मिरवणुकीत सर्वांत पुढे चालायचा मान त्याला मिळाला होता.

तो सुंदर फिरवत होता, हे मला मान्य करावे लागेल. ढोल चढत गेला, तलवारीचे पाते दिसेनासे झाले, नुसता प्रकाशाचा पट्टा उरला. ढोल थांबला. तालमीचा नियम असा की ढोल थांबला की हत्यार जमिनीला टेकवायचे आणि उस्तादाला नमस्कार करायचा. अज्जू थांबला नाही. लोकांना वाटले, पोरगा रंगात आलाय, टाळ्या वाढल्या. तो गोल फिरत प्रेक्षकांच्या कड्यापाशी सरकू लागला, पुढे बसलेली लहान मुले हसत मागे सरकली. बद्री भिया ढाल घेऊन उठले, "बस रे शेर, बस" म्हणत त्याच्यापाशी गेले. पाते ढालीवरून घसरले आणि त्यांच्या भुवईपासून कानापर्यंत उतरले. कानाचा वरचा भाग लोंबू लागला. आणि तरीही क्षणभर टाळ्या चालूच होत्या. लोकांना तो खेळाचा भाग वाटला.

मग रक्त दिसले आणि मैदान फुटले. एकाने मागून कमरेला मिठी घातली. अज्जूने तलवारीच्या मुठीने त्याचे पुढचे दात पाडले. दुसऱ्याचा पंजा चिरला. मी समोरून हाका मारत धावले. त्याने माझ्या पोटात लाथ घातली आणि ओरडला की मी त्याची बहीण नाही, मालकाने पाठवलेली बाई आहे. शेवटी कोणीतरी त्याच्या डोक्यावर ताडपत्री टाकली. सात-आठ माणसे त्याच्यावर बसली आणि झांकीच्या दोराने त्यांनी त्याला बांधले. तो दोर चावत होता. त्याच्या तोंडातून रक्त येत होते. ते त्याचे होते की दुसऱ्या कोणाचे, कळत नव्हते.

पोलिसांना बोलवा, असे दोघे-तिघे म्हणू लागले. बद्री भिया पंचा कानाशी दाबून जमिनीवर बसले होते. ते म्हणाले, "रपट नहीं होगी." मग माझ्याकडे पाहिले. "इसने मेरे कू देखा ही नहीं, बेटा. मेरी गोद में खेला है ये छोरा. इसकी आँख में मैं था ही नहीं."

निरोप मिळताच बाबा आले. प्लास्टर गळ्यात अडकवलेले, अंगात बनियनच. त्यांनी बांधलेल्या मुलाकडे पाहिले, मग भियांच्या कानाकडे, आणि काहीतरी बोलायला तोंड उघडले. बहुधा तेच बोलणार होते जे इस्पितळात बोलले होते. भियांनी त्यांना बोलू दिले नाही.

"भाऊसाब, तुम सीढ़ी से गिरे थे," ते म्हणाले. "चलो, मैं भी सीढ़ी से गिर गया. तीसरा कौन गिरेगा, वो बता दो."

बाबा तिथेच मातीत बसले. थोड्या वेळाने त्यांनी मला विचारले, "मंजू, कुठे न्यायचं?"

वॉर्ड

त्याला टेम्पोच्या फळीवर आडवा ठेवून आम्ही नेले. बाबांच्याच टेम्पोतून, पण चालवत दुसरा होता. रुग्णालयात कागद पुढे आला तेव्हा बाबांना सही करता येईना. मोडलेला हात उजवा होता. फाटकावरच्या रजिस्टरवर पल्लेदार सही करणारा तो माणूस. त्यांनी डाव्या हाताचा अंगठा शाईत बुडवून उमटवला आणि तो बनियनला पुसत कोपऱ्यात जाऊन उभे राहिले.

पहिले आठ दिवस मी सौम्य करून सांगणार नाही, म्हणजे तुमच्यावर तसे दिवस आले तर तुम्ही हादरणार नाही. इंजेक्शनाने तो झोपे आणि जागा झाला की पुन्हा लढे. त्याला पलंगाला पट्ट्यांनी बांधावे लागे. त्याने एका वॉर्डबॉयच्या तोंडावर थुंकून, मग डोक्याने आपटून त्याचे नाक फोडले. पाणी पाजताना त्याने माझ्या अंगठ्याच्या मुळाशी दात रोवले आणि जबडा सोडला नाही. नर्सने त्याचे नाक दाबले तेव्हा कुठे सुटला. तो व्रण अजून आहे. औषधांनी त्याची जीभ जड झाली, मान वाकडी झाली, लाळ गळू लागली. "आमचं पोर मारून टाकलं यांनी," असे बाबा रोज म्हणत आणि रोज सकाळी सर्वांत आधी हजर असत.

दिनक्रमाचे मात्र उपकार मानावेत. सकाळी सहाला फरशी पुसली जाई, सातला चहा, आठला गोळ्या. भीतीलाही त्या वेळापत्रकात आपली जागा कळते. आणखी काही लहान दिलासे होते. शेजारच्या पलंगावरच्या मुलाची आई आमच्यासाठीही पोहे आणू लागली. तिने कधी काही विचारले नाही. बद्री भिया टाके घातलेला कान टोपीखाली झाकून आले, बाहेरच्या बाकावर बसले आणि बाबांना बिडी देऊन गेले. अनंत चतुर्दशीला झांकी निघाली. आम्हाला तिचे ढोल ऐकू आले नाहीत.

तिथल्या वयस्क डॉक्टरांनी तिसऱ्या दिवशी आम्हा तिघांना बसवले. मी आजाराबद्दल वाचून, मुद्दे काढून गेले होते. ते त्यांनी बाजूला ठेवले आणि एकच प्रश्न केला: "याचे मित्र घरी यायचे कधी बंद झाले?"

मला ठाऊक नव्हते. बाबांना ठाऊक नव्हते. त्याने शिव्या कधी शिकल्या, केस कधी वाढवले, गणितात किती पडले, हे सगळे आम्हाला पाठ होते. आई हळूच म्हणाली, "मेमध्ये. मी शिकंजीचं दूध आटवणं बंद केलं तेव्हा. प्यायला कोणी येतच नव्हतं." इंदूरची शिकंजी लिंबाची नसते, आटवलेल्या दुधाची असते; अज्जूच्या मित्रांसाठी आई ती उन्हाळाभर करी. डॉक्टर म्हणाले, आजार तेव्हापासूनचा धरू. आधी अवसादाचा, म्हणजे खोल नैराश्याचा काळ, मग उन्मादाचा. दोन्ही मिळून एकच आजार. तो आयुष्यभर राहील, पण त्याला दाराबाहेर ठेवता येते.

कोणी मला विचारले की वयातला बंडखोरपणा आणि आजार यांत फरक कसा करायचा, तर मी तोच प्रश्न पुढे करते. मूल तुमच्यापासून तुटले असेल तर ते वय असू शकते. ते त्याच्या मित्रांपासून, भुकेपासून, झोपेपासून, त्याला स्वतःला आवडणाऱ्या गोष्टींपासून तुटले आणि आठवडेच्या आठवडे परत आले नाही, तर थांबू नका. आणि तुमच्या गल्लीत सगळेच दुःखी किंवा सगळेच संतापलेले असतील, तर दुप्पट सावध राहा.

ज्योत

ऑक्टोबरअखेर तो घरी आला. लिथियमच्या गोळ्या, आणि त्यांच्याबरोबर रक्ताची नियमित तपासणी. रक्तात लिथियम कमी पडले तर उपयोग नाही, जास्त झाले तर विष. डॉक्टरांना ते ०.६ ते १.० च्या दरम्यान हवे होते. तपासणीसाठी नमुना मुंबईला जाई आणि उत्तर यायला फार वेळ लागे. आमच्या विभागात फ्लेम फोटोमीटर होता, ज्योतीच्या रंगावरून द्रावणातले क्षार मोजणारे यंत्र. विभागप्रमुखांची आणि डॉक्टरांची परवानगी काढून मी ते काम अंगावर घेतले. पलासियाच्या दवाखान्यात सकाळी रक्त काढायचे, नळी रुमालात गुंडाळून भंवरकुआंला विद्यापीठात न्यायची, दुपारपर्यंत आकडा. मुंबईचा अहवाल आला की तो माझ्या आकड्याशी ताडून पाहायचा. ते जुळत.

अज्जू शांत झाला. फार शांत. वस्तीला तो आवडेनासा झाला. पूर्वी हार घालणारे आता म्हणत की डॉक्टरांनी पोराचा करंट काढून घेतला. फेब्रुवारीत त्याची बोटे पुन्हा सारखी टेबलावर वाजू लागली. बोलणे वेगवान झाले. एका दुपारी आईने ताट वेळेवर दिले नाही म्हणून त्याने गरम तवा तिच्या दिशेने फेकला; तो भिंतीला लागला. मी दुसऱ्या सकाळी रक्त काढून घेतले. आकडा आला ०.१.

आई त्याला रोज स्वतःच्या हाताने गोळी देत होती. तो ती गालात धरून मोरीत थुंकत होता.

मी त्याला गच्चीवर नेले. बाबा जिन्यात उभे होते, जरूर पडली तर यायला. मी विचारले, का. तो नजर चुकवत होता, पण खोटे बोलला नाही.

"ताई, तिकडे मी होतो," तो म्हणाला. "सगळे ऐकायचे माझं. इकडे कोणीच नाहीये. आहे तो बस गोळी खाणारा एक छोरा."

"बद्री भियांचा कान आठवतो?"

"आठवतो. सगळं आठवतं." त्याने पाठ फिरवली. "म्हणूनच तर. तो मी असेन तर मला जगायचं नाही, आणि हा मी असेन तर कशासाठी जगू?"

 मी एवढेच म्हणाले की तो कोण आहे हे ठरायला वेळ लागेल. सोळा-सतराव्या वर्षी कोणाचेच ठरलेले नसते, माझेही नव्हते. पण त्यासाठी आधी घरातली चारही माणसे जिवंत राहिली पाहिजेत. मग म्हणाले, उद्या माझ्याबरोबर विभागात चल.

तो आला. मी आधी शुद्ध लिथियमचे द्रावण ज्योतीत सोडले. ज्योत एकदम लालभडक झाली. तो पुढे वाकला. त्याला तारांचे, दिव्यांचे वेड होतेच. मग मी त्याच्या रक्तातला द्रव सोडला. ज्योत पिवळी झाली.

"लाल कुठेय?"

"रक्तात मीठ इतकं असतं की सगळं पिवळंच दिसतं. लाल असलं तरी आपल्या डोळ्याला दिसत नाही. हा फिल्टर बाकीचे रंग अडवतो, म्हणून काट्याला तेवढं दिसतं."

काटा जेमतेम हलला.  "म्हणजे नाहीये," तो म्हणाला. "मी ठीक आहे असं मला वाटत होतं."

"तुला वाटणारच. म्हणून तर मोजायचं."

एका भेटीत माणूस बदलत नाही. मार्चमध्ये त्याने परत दोनदा गोळ्या चुकवल्या. एकदा बाबांवर हात उगारला आणि तो तसाच हवेत धरून उभा राहिला, मग स्वतःच घराबाहेर जाऊन ओट्यावर बसला. पण त्या वेळी त्याने गोळी मागून घेतली. एप्रिलपासून आईने गोळ्यांचा डबा त्याच्या हवाली केला. बाबांचा याला सक्त विरोध होता. ते म्हणाले, पोराच्या हातात पुन्हा तलवार देताय. डॉक्टर म्हणाले, द्या. आयुष्यभराचे काम दुसऱ्याच्या हाताने होत नाही.

जूनमध्ये मला बंगलोरला संशोधनाची जागा मिळाली. जाऊ की नको, यावर मी जितका विचार केला तितका कशावरच केला नव्हता, आणि शेवटी जायचे ठरवले. माझ्यामागे त्याचे रक्त पुन्हा मुंबईला जाणार होते. निघण्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी पलासियाला पोहोचले, तर तो माझ्याआधीच येऊन बाही वर करून बसला होता. दोन महिने डबा त्याच्याकडे होता. कोणी गोळी दिली नव्हती, कोणी गाल तपासला नव्हता. विभागात तो माझ्या शेजारी उभा राहिला. पिवळ्या ज्योतीकडे न पाहता थेट काट्याकडे पाहत. काटा स्थिरावला. मग मी आकडा लिहिला: ०.७.